पाचव्या मजल्याच्या पत्र्यावरचा दात

बिरड्याचे वाल अर्धेच सोलून झाले होते. केशरबाईंची बोटं बुळबुळीत, आणि नात संघप्रिया आरशापुढे वरचा ओठ उचलून उभी. दुधाचा दात पडून वर्ष उलटलं, पण पुढच्या दातांशेजारची फट तशीच.

"आजी, मी वाकडा फेकला म्हणून नवा येत नाय ना?"

केशरबाईंनी वालाचं ताट बाजूला सारलं. हे तिच्या डोक्यात त्यांनीच भरलं होतं. पडलेला दात छपरावर टाकला की नवा येतो, ही त्यांच्या मंडणगडकडची रीत. सीवूड्सच्या सोसायटीत गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि दातासाठी किल्ली द्यायची तरतूद नियमांत नव्हती. मग पोरीनं सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून दात भिरकावला, तो खाली करिमुन्निसाभाभींच्या खिडकीवरच्या पत्र्यावर टणकन पडला. "परक्याच्या छपरावर टाकलास गं!" असं केशरबाई बोलून गेल्या. रोज बुद्धवंदना म्हणणारी, गंडेदोरे उंबऱ्याबाहेर ठेवणारी बाई, पण दाताचं निघालं की म्हणायची, "ही अंधश्रद्धा नाय, खबरदारी हाय."

आणि गेल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये भाभींचा नातू रमीज हसला. पुढच्या दोन दातांच्या मधोमध तिसरा, टोकदार दात!

केशरबाईंनी हात पदराला पुसले, नातीला धरलं आणि पाचवा मजला गाठला.

"भाभी, रागावू नका. तुमच्या रमीजच्या तोंडात आमचा दात हाय."

भाभींनी रमीजला पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा ना, केशरबाई! आमी कुठं नको म्हणतो? इतके दिवस फुकट घासलाय. आज काढायलाच चाललोय."

झालं. दोन आज्या आणि दोन नातवंडं एका रिक्षात कोंबून नेरूळला, डॉक्टर सुनयनांकडे. वाटेत ठरलंसुद्धा: दात निघाला की तो केशरबाईंच्या ताब्यात, आणि या खेपेला थेट गच्चीवर, सेक्रेटरीला न विचारता.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि दोघांचे एक्स-रे काढून दाखवले.

"रमीजला एक दात जादा आलाय. संघप्रियाला या जागी दाताचा कोंबच धरला नाही. दोन्ही शरीराच्या घडणीतलंच, पत्र्याचा काही संबंध नाही. बरेचदा हे घराण्यातून येतं. तुमच्याकडे आणखी कुणाला आहे?"

"छे! आमच्यात सगळ्यांचे दात दगडासारखे."

"आजी, आ करा बघू." छोटा आरसा तोंडात फिरला. "तुमचेही इथले दोन नाहीत की!"

"ते होय? ते माकडानं नेले," केशरबाई सहज म्हणाल्या. "लहानपणी कौलांवर टाकला, माकडानं उचलला. म्हणून नवा नाय आला."

"आणि दुसरा?"

"तोपण त्यानंच."

भाभींनी ओढणी तोंडाला लावली. "माकड एकच होतं, का तेपण खानदानी?"

रमीज खिदळला. संघप्रिया मात्र खुर्चीची कड धरून बसली होती.

"मग मी नीट फेकला होता?"

"अगदी नीट, बाय," केशरबाई म्हणाल्या. "माझंच बोलणं वाकडं गेलं."

"मोठी झालीस की तिथं दात बसवता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर खुशाल हस. आजी, हिच्या बाबांचाही एक्स-रे बघायला हवा."

संघप्रिया आजीच्या तोंडात वाकून बघत होती. "सेम टू सेम!" ती ओरडली, आणि कित्येक महिन्यांनी फटीसकट हसली.

केशरबाईंनी तिथूनच संघप्रियाच्या बाबांना, आकाशला, फोन लावला. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की त्याला एक्स-रेसाठी नेरूळला घेऊन यायचं होतं.