पसंतीक्रम

बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांचा सल्लागार मीच. एमसीए करावं की डेटा सायन्समध्ये एमएस्सी, बंगळुरूची नोकरी धरावी की पीएचडीच्या नादी लागावं, हे सगळं मी चहा पितापिता सांगतो. स्वतः मात्र इथल्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये बिघडलेली मशीनं उघडून बसतो. मलाही एकदा पुण्याची सीट मिळाली होती. कुणी अडवलं नाही, मीच घाबरलो, आणि कॉलेज काही खास नाही असं घरी सांगून मोकळा झालो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

माझी चुलत बहीण तशी नव्हती. एमसीएच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगला रँक मिळाला आणि पुण्याला जाणार, असं तिनं घरात सांगून टाकलं. तिचे वडील, म्हणजे माझे काका, भिक्षुकी करतात. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, जा. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका मी तिच्यावर जळलो.

कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरून लॉक करायचा होता. पुणे पहिलं, बनारस शेवटचं, असं तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं. नेमके शेवटच्या दिवशी काकांकडे नांदेडचे यजमान उतरले, चांगली अकरा माणसं, आणि ती पोळ्यांत अडकली.

"दादा, तूच भरून टाक ना," ती म्हणाली. "तुझ्यावर भरोसा आहे."

ओटीपी काकांच्या फोनवर यायचा. ते सोवळ्यात होते, फोनला शिवेनात, म्हणून लांबूनच एकेक आकडा मला वाचून दाखवला. मी बनारस पहिलं टाकलं, पुणे दुसरं, आणि लॉक केलं. बरं वाटलं.

यादीत तिला बनारस मिळालं. पहिलीच पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. तिनं प्रिंट काढून क्रम वाचला आणि सरळ माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"कुणी करायला लावलं तुला?"

मी स्वतः असं काही करेन, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"काकांनी," मी म्हणालो. "तुला सांगू नको म्हणाले."

आमच्याकडे बापाला तोंडावर जाब विचारत नाहीत. तिनंही विचारला नाही.

आता ती इथंच शिकते. कुठला विषय घेऊ, इंटर्नशिप कुठं बघू, सगळं मलाच विचारते. वडिलांचं ताट वाढते आणि एक शब्द न बोलता आत जाते. परवा पंचगंगा घाटावरची पूजा आटोपून येताना काकांनी मला गल्लीत थांबवलं.

"अरे, ही माझ्याशी बोलत का नाही? मी तर तिला जा म्हटलं होतं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"अभ्यासाचं टेन्शन आहे, काका," मी म्हणालो. "बोलेल हळूहळू."