हवा वाया घालवायची नाही!

आता काय सांगू तुम्हाला, सातपूरचा एक अख्खा कारखाना मी एकट्यानं हादरवलाय! हसू नका, खरंच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी नवाकोरा इंजिनिअर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. दिंडोरीची मुलगी मला पसंत, मी तिला पसंत. तिचे वडील मात्र अडून बसलेले. "नोकरी पक्की झाल्याचं पत्र दाखवा, मग तारीख काढू." म्हणजे पत्र नाही तर बायको नाही!

मग साहेबांना काहीतरी करून दाखवायला नको? माझी नजर कॉम्प्रेसरवर गेली. सगळ्या कारखान्याला दाबाची हवा पुरवणारं धूड ते. त्याच्या एका व्हॉल्व्हमधून अधूनमधून फुस्सकन हवा बाहेर जायची. दाबून तयार केलेली हवा चक्क आभाळात!

"निवृत्तीकाका, हा व्हॉल्व्ह बंद करा."

काका तिथले ऑपरेटर, दिंडोरीचेच. म्हणाले, "राहू द्या साहेब, मशिनला लागतो तो."

"काका, इंजिनिअर कोण? तुम्ही की मी?"

आणि मी स्वतःच्या हातानं तो गच्च आवळला.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली आणि कॉम्प्रेसरमधून धाडधूम, धाडधूम! पत्रे थरथरले, कँटीनमध्ये ताटातली आमटी सांडली. सुट्टी संपली, आवाज बंद. चहाच्या सुट्टीत पुन्हा तेच!

मी ठणकावून सांगितलं, "बेअरिंग गेलं!" दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं, दिवसभर कारखाना ठप्प. बेअरिंग एकदम चकाचक! मी डगमगतोय थोडाच? "मशीनचा पाया खचलाय. खणा!"

तिसऱ्या दिवशी मजूर पहारी घेऊन हजर, मॅनेजरसाहेब हजर, जेवणाची सुट्टी आणि धाडधूम सुरू. काकांनी गुपचूप व्हॉल्व्ह सोडला. फुस्स... आणि सगळं शांत!

"साहेब, सुट्टीत हवा कोणीच घेत नाय. मंग तिनं जावं कुठं? माघारी फिरती न् मशिनलाच धडका मारती."

"व्हॉल्व्ह बंद कोणी केला होता?" मॅनेजरसाहेब गरजले.

"मीच," म्हटलं. लाजेनं मान वर होईना. प्रोबेशन तिथल्या तिथे तीन महिन्यांनी वाढलं.

लग्न बोंबललं म्हणता? छे! मुलीचे वडील चौकशीला थेट निवृत्तीकाकांकडेच गेले. काका म्हणाले, "पोरगा लय गुणाचा हाय. चुकलं तर कबूल करतो. फक्त त्याला कशालाबी हात लावू देऊ नका."

पत्राआधीच तारीख निघाली! पण आजही कुकरची शिट्टी व्हायला लागली, की बायको आतून ओरडते, "अहो, तुम्ही तिकडेच बसा!"