पंधरा हात लांब, दहा हात रुंद

तीस वर्षं मी महाडात दुसऱ्याच्या गॅरेजात जीपा आणि ट्रक खोलले. लोखंड आवळून धरायचा वाईस तिथं मोरीजवळच्या अंधारात ठोकलेला. त्याच्यावर वाकून वाकून कंबर गेली. मालकाला सांगितलं, हा दोन वीत वर घे आणि दाराच्या उजेडात आण. मालक म्हणाला, "मेस्तरी, गॅरेज माझं हाय का तुमचं?"

त्याच दिवशी पान्ह्यांची पेटी उचलली आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझ्या गावी येऊन बसलो. निघताना चार माणसांसमोर बोललो, पाऊस पडायच्या आत माझी स्वतःची शेड उभी राहील, पुन्हा तुझ्या दारात आलो तर मिशी उतरवीन. बोललो ते बोललो. आता शेड होणं भाग होतं.

मुलगा मुंबईला कंपनीत नकाशे काढतो. दिवाळीला आला तो माझ्या शेडीचा नकाशाच घेऊन. त्यात ऑफिस होतं, गिऱ्हाइकांना बसायला सोफा होता, आणि मधोमध खड्डा, गाडीखाली उभं राहून काम करायला.

"बाबा, सगळीकडे असंच असतं."

म्हटलं, "आपल्याकडं आषाढात खड्डा ठेवला तर गाडी राहील बाजूला, मी आत खेकडे धरीत बसेन."

"मग ऑफिस तरी?"

"मोटारीखाली उताणा झोपणाऱ्याला ऑफिस कशाला रे?"

त्यानं नकाशा गुंडाळून ठेवला. त्याच्या आईनं पुढे त्यात पापड बांधले, कागद चांगला जाड होता.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण गाडीला किती जागा लागते हे मला कागदावर बघावं लागत नाही. झोडणी उरकून खळं मोकळं झालं, तेव्हा गावातल्या जीपवाल्याला गाडी खळ्यावर उभी करायला लावली. गावात तेव्हा ती एकच जीप. चारी दारं उघडली. हातात पान्हा घेऊन गाडीभोवती बसत, उठत फिरलो. जिथं कोपर मोकळं फिरलं तिथं राखेची रेघ ओढली. पंधरा हात लांब, दहा हात रुंद. पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडून आडवा येतो, म्हणून दार पूर्वेला. वाईस दाराशी, उजेडात, माझ्या कोपराच्या उंचीला. आता कुणी यावं आणि चूक काढून दाखवावी.

बायको अंगणातून बघत होती. म्हणाली, "अवो, आनि लाकडं?"

"कसली लाकडं?"

"पावसातली."

"हे गॅरेज हाय गो, वखार नाय."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं हा होकार असं मी धरून चाललो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, तरी.

शेडीच्या जागेवर एक मोडकी खोप होती, ती मीच पाडली. तिच्यात बायको पावसाळ्याची लाकडं ठेवायची हे मला कोण सांगणार? नोकरीत मी सहा दिवस महाडात, रविवारी घरी. चूल पेटते एवढं ठाऊक. मे महिन्यात पत्रे चढले. वाईस आणायला दोन दिवस महाडला गेलो आणि परत येऊन बघतो तर शेडीचे मागचे सात हात छातीएवढ्या लाकडांनी भरलेले. त्यावर शेण्या, त्यावर पेंढा. पान्हे टांगायच्या खिळ्यांना सुके बोंबील.

"ही काय भानगड?"

"आगोट भरली." पावसाच्या चार महिन्यांची बेगमी, ती आमच्याकडे आगोट.

"उद्या सगळं बाहेर काढ."

"काढते की. मंग श्रावणात ओली लाकडं फुकायला बसा तुमी, तो पान्हा घेऊन."

उद्या उजाडायच्या आत पाऊस लागला. माघार मी घेतली नाही, पावसानं घ्यायला लावली. लाकडं भिजली असती तर त्यांच्यावरचं कच्चं जेवण पुढे चार महिने मलाच खायचं होतं.

आठ दिवसांनी तोच जीपवाला दोन बैल जुंपून गाडी घेऊन आला. कुडपणहून येताना ओढ्यात घातलेली, इंजिनात पाणी गेलेलं. शेडीत नजर टाकून तो हसला. "महाडचे मालक इचारत होते, मेस्तरींची शेड झाली का. नसंल झाली तर गाडीबरोबर त्यांना पन घेऊन ये म्हनाले."

ह्यावर एकच उत्तर होतं. "लोट आत."

लोटली. सात हात आत गेली, दोन हात बाहेर राहिली.

"मेस्तरी, हिचं तोंड आत आनि ढुंगण पावसात!"

"इंजिन कुठं असतं? तोंडात का ढुंगणात?"

पण बोनेट उघडून उभा राहिलो तर कोपर लाकडांवर आपटायला लागलं. पान्हा फिरेना. जीपवाला तोंड दाबून बघत होता. घरातून बायको आली. पुढची एक रांग उपसून तिनं वाईसच्या टेबलाखाली रचली.

"पुरं?"

मी कोपर फिरवून दाखवलं. अजून घासत होतं. तिनं आणखी एक रांग काढली आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. दिवे लागायच्या आत गाडी चालू झाली. जीपवाला ती घेऊन महाडला गेला आणि काय सांगायचं ते तिथं सांगून आला. त्या पावसात सात गाड्यांनी माझ्या दारात पाठ भिजवली.

दसऱ्याला पाचाडचा एकजण शेडीचं माप घ्यायला आला. त्यालाही गॅरेज काढायचं होतं. मी म्हटलं, "लिहून घे. मागचे सात हात लाकडांना सोडायचे. इंजिन पुढं असतं, मागचं अंग भिजलं तर बिघडत नाय. हा हिशोब मुंबईवाल्यांना कळत नाय."

त्यानं लिहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आनि कोंबड्या?"

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं.

"लिही," म्हटलं, "दीड हात कोंबड्यांना."