पहिल्या साडीचा नंबर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बुद्धरत्न ओव्हाळ पिंपरीतल्या एका साडीच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावरच्या पांढऱ्या गादीवर बसून काल उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते. वय त्रेचाळीस, नोकरीची वर्षं एकोणीस, सेल्समन नंबर सात. हा मजला बस्त्याचा. लग्नघरची सगळी कापडखरेदी इथे एका बैठकीत होते.

वडील कारखान्यात होते. संत तुकाराम नगरमधल्या दोन खोल्या त्यांच्या पगारातून झाल्या. मुलाने गादी धरली. साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून, निऱ्या कमरेशी धरून ओव्हाळ आरशाकडे वळतात तेव्हा समोरच्या बायका हसत नाहीत, पदर बघतात.

टाळेबंदीच्या आधी त्यांना सतरा हजार मिळत. नंतर पंधरा झाले, गेल्या दिवाळीपासून साडेतेरा. "बाकीचं कमिशनमधून काढा, त्याला मर्यादा नाही," असं मॅनेजर नवनाथ सरांनी सांगितलं. मर्यादा नव्हती हे खरं. पण कोणतं गिऱ्हाईक कुठे बसवायचं ते सर ठरवतात, आणि जिन्यासमोरची गादी वर्षभरापासून सरांच्या मेहुण्याकडे, सुरजकडे आहे. दिवाळीतच आणखी एक नियम आला. सलग तीन महिने टार्गेट चुकलं की तळमजला. तिथे कमिशन नाही. ओव्हाळांचे दोन महिने चुकले होते आणि तिसऱ्याचा हा शेवटचा दिवस होता.

सगळी भिस्त एका बस्त्यावर होती. चाकणजवळच्या एका गावातून सारजाबाईंचा रविवारी फोन आला होता. "आरोहीचं ठरलंय. थोरलीचं तुमीच केलं व्हतं, हिचंबी तुमच्याकडंच." ओव्हाळांनी सकाळी आल्या आल्या सरांच्या कानावर घातलं.

"येऊ दे की," सर म्हणाले. "पळवतंय कोण?"

साडेअकराला सरांनी त्यांना पैठण्यांचे खोके आणायला गोदामात पाठवलं. गोदाम दोन गल्ल्या सोडून. किल्लीवाला चहाला गेला होता. ओव्हाळ परतले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. सुरजच्या गादीसमोर अकरा माणसं बसली होती, मध्ये सारजाबाई. त्यांच्या मांडीवर एक हिरवी साडी होती.

बस्त्यातली पहिली साडी देवीची. ती एकदा काढली की परत ठेवत नाहीत. नवरीचं बघायचं ते त्यानंतर. दुकानाने आपला हिशेब यावरच बसवला आहे. पहिल्या साडीच्या चिठ्ठीवर ज्याचा नंबर, अख्खं बिल त्याचं. हिरव्या साडीच्या चिठ्ठीवर एकोणीस लिहिलं होतं. तो सुरजचा नंबर.

"कुठं व्हता वो दादा?" सारजाबाई म्हणाल्या. "हे पोरगं म्हणलं, तुमी रजेवर हाय."

"तसं नाही मावशी. दिसत नाहीत, एवढंच म्हटलं मी."

"तू सरक. मोरपंखी मागितला तर पोपटी काढतोस."

"सरक की राव जरा," त्यांचे यजमान बबनराव म्हणाले. "माणूस आलाय आमचा."

सुरज हसत सरकला. "बसा भाऊ. तुमचंच गिऱ्हाईक."

ओव्हाळ बसले नाहीत. खोके ठेवून ते सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, त्या माझ्याकडे आल्यात. चिठ्ठी बदलून द्या."

"पहिली साडी कोणी काढली?"

"सुरजने. मी गोदामात होतो. तुम्हीच पाठवलंत."

"हो का? आणि हा नियम नव्या पोरांना शिकवतं कोण, ओव्हाळ?"

शिकवतात ओव्हाळच. पहिल्या दिवशी, गादीवर बसवून. सुरजलाही त्यांनीच शिकवला होता.

एक वाट उरली होती. सारजाबाईंनी हिरवी साडी परत करायची आणि ओव्हाळांच्या हातून दुसरी घ्यायची. त्यांच्याही काहीतरी लक्षात आलं होतं.

"दादा, बिलाचं काय अडतंय का? सांगा. आमी बोलतो सायबाशी."

ओव्हाळांनी साडीकडे पाहिलं. तिच्या काठाला कुंकू लावून झालं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात देवी नाही. पण देवीची साडी परत करा असं गिऱ्हाइकाला सांगणारा सेल्समन त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काही नाही आक्का," ते म्हणाले. "नवरीचं बघू."

बैठक साडेचारपर्यंत चालली. ओव्हाळांनी चौदा साड्या अंगावर टाकून दाखवल्या. डाळिंबी पैठणी बघून आरोही म्हणाली, "दादा, तुम्हालाच जास्त शोभते." सगळे हसले, ओव्हाळही. देवीची धरून बत्तीस साड्या निघाल्या. बिल नंबर एकोणीसवर फाडलं गेलं. जाताना बबनरावांनी ओव्हाळांच्या हातावर पेढे ठेवले आणि लग्नाला यायचं बजावलं.

सहा वाजता मिनलचा, बायकोचा, फोन आला.

"झाला का बस्ता?"

"झाला."

"मग सुटलात म्हणायचं."

"आल्यावर बोलू," ओव्हाळ म्हणाले आणि घड्या घालायला बसले.

सातला दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या महिन्याची यादी आली. नंबर सात, तळमजला, फॉल-अस्तर. सुरजने खाली अंगठा टाकला.

दुकानाची हजेरी दहाला असते. फॉल-अस्तरच्या वहीत उद्याचं पहिलं काम लिहिलेलं आहे: आरोहीच्या बस्त्यातल्या, देवीची सोडून, एकतीस साड्यांना फॉलचे रंग जुळवणे.