यादीतलं माझं नाव

दार उघडलं तर समोर माझ्या मित्राची, मिलिंदची बायको. हातात पिठलं-भाकरीचा डबा. मला पाहून सुजातावहिनी किंचाळल्याच. "अगंबाई! भाऊजी, तुम्ही घरी?" आणि रडता रडता हसायला लागल्या. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आटोपून आम्ही नुकतेच आलो होतो, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. विमान उतरता उतरता नदीत कोसळलं, टीव्हीवर प्रवाशांची यादी दाखवली, तिच्यात माझं नाव आहे, हे त्यांच्याच तोंडून कळलं. माझ्या बायकोला सावरायला त्या कोथरूडच्या दोन गल्ल्या ओलांडून धावत आल्या होत्या. "कसं का असेना, तुम्ही वाचलात," म्हणाल्या. मग डबा खाली ठेवता ठेवता थबकल्या. "पण मग... तुमच्या तिकिटावर गेलं कोण?"

मिलिंद रेल्वेने गेलाय, अशी त्यांची समजूत होती. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी तो डबा पुन्हा उचलून पोटाशी धरला.

आमच्या कंपनीत तशी पद्धतच होती. तिकीट एकाच्या नावावर निघायचं, जायचा दुसराच. विमानतळावर तरी ओळखपत्र कोण विचारत होतं? मिलिंद आणि मी एकाच टेबलावर बसून प्रोग्रॅम लिहायचो. घरातला तो पहिला इंजिनिअर; वडील मार्केट यार्डात हमाल. चूक दाखवली की "आपण फार हुशार, साहेब" असं इतक्या अदबीने म्हणायचा की डोकंच फिरायचं. विमानात तो कधी बसला नव्हता. गॅदरिंगचं मी नुसतं पुटपुटलो, तर त्याने तिकीट खेचूनच घेतलं. "हिला सांगू नकोस हं, जाऊच द्यायची नाही. पोहोचलो की फोन करतो." मला तर सुटल्यासारखं झालं... त्या सुटकेची आज किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी त्या नदीवर पोहोचलो. गढूळ पाणी, कोळ्यांच्या होड्या, लष्कराचे पाणबुडे. विमानाचं शेपूट तेवढं वर दिसत होतं. त्या दिवशी किनाऱ्यावर लोक 'वाचले किती' म्हणून विचारत होते. नंतर कुणी तो शब्दही काढेना. एखादी होडी वळली की सगळे उठून उभे राहायचे. चौथ्या दिवशी मिलिंदची बॅग निघाली. आत फ्लॉप्या, प्रत्येकीवर त्याचं टपोरं अक्षर. तो मात्र मिळाला नाही. आठवड्याने शोध थांबवला.

"बॅग सापडली, माणूस नाही ना?" वहिनी म्हणाल्या. "आणि यादीत तुमचं नाव आहे. ह्यांचं कुठाय?" त्यांची सगळी आशा त्या एका नावावर टिकून होती. आणि मी शहाणा अर्ज करत हिंडत होतो, माझं नाव खोडून त्याचं घाला म्हणून. त्याशिवाय त्यांना मृत्यूचा दाखला, भरपाई, कुठलाच कागद मिळणार नव्हता. खरं सांगतो, प्रत्येक अर्जावर सही करताना मीच त्याला पुन्हा बुडवतोय असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात विमान कंपनीचं पत्र आलं, यादीतलं नाव बदलल्याचं. मी वाचून दाखवू लागलो, तर वहिनींनी ते हातातून घेतलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश, मोठ्याने वाचलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. मग उठल्या, आणि तो गेल्यापासून दारामागच्या खुंटीवर न धुता तसाच ठेवलेला त्याचा शर्ट काढून धुवायला भिजत घातला.