खिडकीच्या फटीतल्या चिंध्या

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी तिसरीत असताना वडील गेले आणि आई बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायला, शेक द्यायला जाऊ लागली. जामबाग असो की बेगम बाजार, कुठल्याही मोहल्ल्यातल्या मराठी घरात बाळंतपण म्हटलं की आईला बोलावणं. बाजेखाली कोळशाची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दार-खिडकी बंद, आणि फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या. बाळंतीण सव्वा महिन्यानं त्या खोलीतून सुटायची. आई दुसऱ्या घरच्या तसल्याच खोलीत जाऊन बसायची... पंचवीस वर्षं.

त्या शेगडीनं मला बी.एस्सी. केलं, हे मी अभिमानानं सांगते. विषय केमिस्ट्री. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की हवेचं काय होतं, हे मी पेपरात लिहिलं आणि मार्क घेतले. माझ्या बाळंतपणात आई खिडकीत चिंध्या कोंबू लागली तेव्हा म्हटलं, "राहू दे गं, तुझाच खोकला बघ."

"हौ, मोठी डॉक्टरीण आलीस. इतक्या लेकरांना शेकलं मी. कुणाला काय झालं?"

मी हसले आणि पडून राहिले. शेक बरा वाटत होता, हेही खरं.

पुढं तिला चार पावलांत धाप लागायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, बीडी पीते थे क्या?" आईनं रागानं तोंड फिरवलं. शेगडीचं मीच सांगितलं. उशीर झालाय, म्हणाले.

शेवटच्या भेटीत नाकातली नळी बाजूला सारून तिनं विचारलं, "तुला कॉलेजात शिकवलं होतं हे?"

"हो."

"मग चिंध्या काढून टाकायच्या होत्यास... माझं काय ऐकत बसलीस."

दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

आई जाऊन दोन महिने झाले. तेराव्यानंतर चारच दिवसांनी धाकटी बहीण सुमन बाळंत झाली, आमच्याच घरी. तिच्या सासूबाई शेगडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईनं जन्मभर हेच केलं की."

"त्यानंच गेली ती," मी म्हटलं.

खिडकीच्या फटीत माझ्या वेळच्या चिंध्या तशाच होत्या, काळ्या पडलेल्या. आईनं बोटानं दाबून दाबून बसवलेल्या, निघता निघेनात. ओव्याचा वास अजून होता. त्या मी टाकल्या नाहीत, तिच्या ट्रंकेत ठेवल्यात.

सुमनचं बाळंतपण शेगडीशिवाय झालं. खिडकी सव्वा महिना उघडी होती.