पाय न वाजवता

माझा डान्स क्लास नाशिकमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली घरमालक काका-काकू राहतात. पहिल्याच आठवड्यात काकूंनी कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं आणि मी मुलींना नियम घातला: उडी कितीही उंच मारा, उतरताना आवाज आला नाही पाहिजे. जागा जाईल या भीतीपोटी घातलेला नियम, पण सांगताना मी त्याला कलेचा मुलामा दिला. मुलींना तो फारच आवडला. कुणाचे पाय वाजले की बाकीच्या हसायच्या.

सगळ्यात मुकाट उतरायची ती सिन्नरहून एसटीने येणारी मुलगी. कंटेम्पररी नृत्यात आम्ही जिम्नॅस्टिक्समधलं बरंच काही उचलतो. त्यातली एरियल, म्हणजे हात न टेकता मारलेली कार्टव्हील, तिच्याइतकी कुणालाच जमत नव्हती. नडगी दुखते असं तिने दोनदा सांगितलं. मी म्हणाले, बर्फ लाव. तिसऱ्यांदा तिने सांगितलंच नाही.

पुढे डॉक्टरांनी तिच्या नडगीच्या हाडातला बारीक तडा दाखवला, तेव्हा मी घरी येऊन तिचे व्हिडिओ मोबाइलवर अगदी हळू करून पाहिले. टाच टेकतच नव्हती. ती चवड्यांवर उतरून गुडघे ताठ धरून थांबायची, कारण टाच टेकली की आमची लाकडी जमीन वाजते. घोटा, गुडघा आणि कंबर यांनी वाटून घ्यायचा दणका नडगीवर बसत होता. हे मी दुसऱ्यांच्या कार्यशाळांत फळ्यावर चित्रं काढून शिकवते. माझी मलाच चीड आली.

तिची आई भेटायला आली. म्हणाली, "ताई, आमचं ती काय ऐकत नाय. तुमचा मात्र शब्द खाली पडू देत नाय. तुम्हीच सांगा तिला नीट." नियम माझाच होता, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

ती बरी होऊन परत आली. पुन्हा तडा गेला तर उड्या कायमच्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरमालक काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग आधी बोलायचं ना. आपटा खुशाल. हिला दुपारी जरा पडायचं असतं, तेवढं सांभाळा म्हणजे झालं." आमचा क्लास संध्याकाळचा.

आता टाच टेकवून, आवाज करत उतरायचं, असं मी तिला नव्याने शिकवायला लागले. स्टुलावरून उडी मारताना तिला ते जमायला लागलं. टाच टेके, गुडघे वाकत, जमीन दणकून वाजे. पण एरियलमध्ये अंग उलटं झालं की माझं सांगणं तिच्यापर्यंत पोचायचं नाही. हवेत पापणी लवायलाही वेळ नसतो. अंगात जे मुरलंय तेच अंग करतं, आणि ते मुरवलं मी.

काल चार पावलं धावून ती उलटली आणि उतरली. मी कान देऊन उभी होते. खालच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"ताई, आला का आवाज?"

"नाही."

"परत करू?"

मी थांब म्हटलं तर ती थांबेल, आणि पुन्हा कधीच उडी मारणार नाही, हे मला माहीत होतं. कर म्हटलं तरी ती करेल. भिंतीपाशी जाऊन ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.